विटांत मुरवलेली दुपार

हवा गुणवत्ता व्यवस्थापन आयोगाने १ जानेवारी २०२३ पासून दिल्ली परिसरातल्या कारखान्यांत कोळसा बंद केला. सूट मिळाली ती औष्णिक वीजकेंद्रांना. तेव्हापासून मानेसरच्या औद्योगिक वसाहतीत बॉयलर चालवायचा तर पाइपचा गॅस किंवा जैवइंधन. काजळी घटली असेल, पण गॅसही जीवाश्म इंधनच, आणि देशाला लागणारा जवळपास निम्मा गॅस बाहेरून येतो. बरं, एवढी उष्णता लागते कशाला? तिथल्या मोटार कारखान्यांत रंग चढवलेला सांगाडा साधारण १५० ते १८० अंशांच्या ओव्हनमधून फिरवतात. एवढ्या तापासाठी ज्योत कशाला हवी? तो विटांतूनही मिळतो. दुपारच्या सौर विजेने तापवलेली एक टन वीट ८०० अंशांनी चढली की सुमारे २२० युनिट उष्णता धरून ठेवते. रात्री तिच्यातून पंख्याने हवा फिरवा, ओव्हनही तापतो आणि पाण्याची वाफही होते. कल्पना नवी नाही. लोखंडाच्या झोतभट्टीला गरम हवा पुरवणारे विटांचे स्टोव्ह काउपर या इंग्रज अभियंत्याने १८५७ मध्येच आणले. फिनलंडमधल्या पोर्नाइनेन गावाला गेल्या वर्षा-दोन वर्षांपासून दगडाच्या चुऱ्यात साठवलेली उष्णता मिळते आहे, आणि राजस्थानात आबू रोडला ब्रह्माकुमारींच्या प्रकल्पात आरशांनी एकवटलेलं ऊन लोखंडात साठवतात.

अडतं ते बिलात. एक घनमीटर गॅसमधून बॉयलरची गळती वजा जाता साडेआठ युनिटांच्या आसपास उष्णता हाती लागते. गॅस ५० रुपये धरला तर युनिटला सहा रुपये पडतात. सौर वीज तयार होते अडीच-तीन रुपयांत, पण पारेषण, वहन आकार आणि क्रॉस सबसिडी अधिभार चढत चढत ती कारखान्याच्या फाटकापाशी येईतो हा फायदा बहुतेक विरून जातो. शिवाय चोवीस तासांची उष्णता सहा तासांत भरायची तर मंजूर मागणी, म्हणजे एका वेळी ओढता येणारा जास्तीत जास्त भार, चौपट घ्यावी लागते आणि तिच्यावरचा मागणी आकारही चौपट. म्हणजे दुपारी जी वीज कोणाला नको असते ती उचलणाऱ्यालाच आपण दंड लावतो. केंद्राच्या २०२३ च्या नियमांनी सौर तासांत वीज किमान २० टक्के स्वस्त करायला सांगितलं, ते बरंच झालं. पण मागणी आकार तसाच राहिला तर सवलत एका हाताने देऊन दुसऱ्याने काढून घेतल्यासारखं होईल. गरज पडली की पुरवठा तोडू देणाऱ्या ग्राहकाला दुपारचा हा आकार माफ करावा, एवढीच माझी मागणी आहे.

विजेपासून उष्णता करणं ही उधळपट्टी, असं अभियंते म्हणतील. साठ-सत्तर अंशांच्या धुलाईच्या हौदांपुरतं ते खरं आहे. तिथे हीट पंपच बसवावा. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. विटा रात्री कोळशाच्या विजेने भरल्या तर गॅसच्या तिप्पट-चौपट कार्बन हवेत जाईल. म्हणून सवलत फक्त सौर तासांपुरती, आणि ती मीटरच्या नोंदीवरूनच मिळावी. शिवाय नोव्हेंबरच्या धुरकट आठवड्यांत विटा अर्धवटच तापतील; तेव्हासाठी गॅसचा जुना बॉयलर जागेवर राहू द्यावा. हाच हिशेब चाकणच्या पेंट शॉपलाही लावता येईल, आणि वाफेच्या धंद्यात मुरलेल्या थरमॅक्स, फोर्ब्स मार्शल या कंपन्या तर पुण्यातच आहेत.