तबकडीतला सूर जसाच्या तसा

ऑडिओ सीडीवरील संगीत संगणकात उतरवणे, म्हणजेच ‘रिपिंग’, हे साध्या फाइलची नक्कल करण्यासारखे काम नाही. कारण तबकडीवर प्रत्येक वाहिनीत दर सेकंदाला 44,100 नमुने, प्रत्येकी 16 बिटांचे, अशा अखंड प्रवाहात ध्वनी साठवलेला असतो, आणि सीडी-रॉमवरील माहितीला त्रुटी-दुरुस्तीचा जो जादा थर लाभतो तो येथे नसतो. परिणामी ओरखडा खोल असला, की वाचक यंत्र हरवलेल्या नमुन्यांच्या जागी अंदाजाने मूल्ये भरते आणि ऐकणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. आन्द्रे वीथॉफ या जर्मन प्रोग्रामरने तयार केलेल्या ‘एग्झॅक्ट ऑडिओ कॉपी’ या प्रोग्रामचे मोल येथेच आहे: हा प्रोग्राम तबकडीचा तोच भाग पुन्हा वाचून ताडून पाहतो, मेळ न बसल्यास आणखी वाचतो आणि संशयाची जागा अहवालात नोंदवतो. असा प्रामाणिकपणा वेगापेक्षा निश्चितच मोठा. उतरवलेला ध्वनी जपण्यासाठी जॉश कोल्सन यांचे 2001 मध्ये स्थिरावलेले फ्लॅक हे स्वरूप योग्य ठरते, कारण ते आधीच्या नमुन्यांवरून पुढच्याचे भाकीत करून फक्त फरक साठवते, त्यामुळे आकार बहुधा निम्म्याच्या आसपास येऊनही एकही बिट हरवत नाही. एमपी3 मात्र कानाला कमी जाणवणारा अंश कायमचा टाकून देते, आणि अशा फाइलचे पुढे फ्लॅकमध्ये रूपांतर केले तरी गेलेला अंश परतत नाही. म्हणून जुन्या सीडी जपणाऱ्यांनी पहिली प्रत फ्लॅकमध्येच करावी.