पक्षी कोरणाऱ्याचे नाव कुठे?

जुन्या दुनळी बंदुकीवर कंपनीचे नाव ठसठशीत असते. तिच्यावर तितर, बदक, शिकारी कुत्रा कोरणाऱ्या कारागिराचे नाव मात्र बहुतेकदा नसतेच. हा अन्याय आहे, आणि थोडा तरी भरून काढता येण्याजोगा आहे.

अमेरिकेत कनेटिकटमधल्या मेरिडन गावी पार्कर ब्रदर्सच्या दुनळ्या बनत. स्वस्त बंदुकीवर नक्षी जुजबी. किंमत चढेल तशी वेलबुट्टी दाट होई आणि पक्ष्यांत जीव येई. गिऱ्हाईक वरचे पैसे मोजे ते बऱ्याच अंशी कोरणाऱ्याच्या वेळेचे. काम पोलाद मऊ असतानाच उरकावे लागे. छिन्नीवर बारीक हातोडी मारत रेघ पुढे न्यायची. हात घसरला की बदकाची मान वाकडी झालीच. मग तो भाग हाडांच्या कोळशात पुरून तापवायचा आणि एकदम पाण्यात सोडायचा. वरचा थर कडक होई आणि त्यावर निळ्या-तपकिरी छटा उमटत.

इटलीत गार्दोने व्हाल त्रोम्पियाच्या कारागिरांच्या हाती बुलिनो आले. हे टोकदार हत्यार नुसत्या हाताच्या दाबाने चालते. फिर्मो फ्राकासी यांच्या कामात पिसाची मऊ कड दिसते, ती बारीक ठिपक्यांच्या कमी-अधिक दाटीतून.

बेल्जियममधल्या हेर्स्टालच्या एफएन कारखान्यात कोरीवकामाचा विभाग फेलिक्स फुंकेन सांभाळत. तिथे १९३१पासून बनलेल्या ब्राउनिंग सुपरपोज्ड बंदुकांपैकी भारी दर्जाच्या अनेक बंदुकांवर कोरणाऱ्यांच्या सह्या सापडतात. कारखान्याच्या धबडग्यातही कारागिराला नाव देता येते, ते असे.

ही शिकारीची भलामण नव्हे. एकेकाळी अब्जावधींनी असलेली अमेरिकेतली प्रवासी कबुतरे बंदुका, जाळी आणि जंगलतोडीने संपली. शेवटची मार्था १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेली. तो हिशेब मागायलाच हवा. पण त्यासाठी कोरणाऱ्याची नजर आणि मेहनत नाकारण्याचे कारण नाही.

आपल्याकडेही संस्थानी संग्रहांत विलायती बंदुका आहेत. त्या मांडणाऱ्या संग्रहालयांनी नक्षीच्या कडेला सही आहे का ते भिंगाखाली पाहावे आणि मिळालेले नाव फलकावर कंपनीच्या बरोबरीने लिहावे. न मिळाल्यास ‘कारागीर अज्ञात’ एवढे तरी लिहावे. आणि ज्यांच्या घरी आजोबांची परवान्याची दुनळी आहे, त्यांनी ती चकाकण्यासाठी पॉलिशच्या चाकावर मुळीच देऊ नये. पिसांच्या उथळ रेघा तिथे पहिल्यांदा जातात.