हमीचा कागद आणि गाडीचे तेल

भाकरी का करपली? घोडा का अडला? विड्याची पाने का सडली? हे कोडे आपल्यापैकी पुष्कळांनी आजीच्या तोंडून ऐकले असेल. तिन्ही प्रश्नांचे उत्तर एकच : न फिरवल्यामुळे. आज या स्तंभात आम्ही त्याला चौथा प्रश्न जोडतो. वॉरंटीत असलेली पिक-अप गाडी तीन आठवडे बंद का राहिली? त्याचेही उत्तर जवळजवळ तेच आहे. कागदावरून नजर न फिरवल्यामुळे!

गोष्ट नेदरलँडमधील आहे. आमच्या एका आप्ताचा मुलगा तिकडे स्थायिक झाला आहे. बागा लावून देण्याचा आणि त्या राखण्याचा त्याचा छोटा धंदा आहे. माती, रोपे, फरशा असा माल तो पिक-अपमध्ये भरतो आणि मागे ट्रेलरही जोडतो. गाडी ऑटोमॅटिक गिअरची. एके दिवशी गिअर बदलताना गाडी गचके देऊ लागली. वॉरंटीची मुदत शिल्लक होती, म्हणून तो निश्चिंत मनाने विक्रेत्याकडे गेला. तिथे त्याला सांगण्यात आले की, गिअरबॉक्सचे तेल तुम्ही बाहेरच्या गॅरेजात बदलले, सबब वॉरंटी संपली.

हे सांगणे चूक होते. परंतु मुलाची बाजूही पूर्ण भक्कम नव्हती. गॅरेजच्या बिलावर ‘तेल बदलले’ एवढेच लिहिलेले होते. कोणते तेल, किती लिटर, किती किलोमीटरवर, कशाचाच उल्लेख नाही. पत्रापत्री झाली, तीन आठवडे गेले, हातची कामे दुसऱ्याकडे गेली आणि अखेर अर्ध्या खर्चावर तडजोड झाली. कागद अर्धा, म्हणून न्यायही अर्धा! पिक-अप ही ज्यांची रोजीरोटी आहे अशी कुटुंबे आपल्या बेटावरही पुष्कळ आहेत. म्हणून या गोष्टीचा विचार येथे करावासा वाटला.

नेदरलँडचे आणि आपले नाते जुने आहे. डच खलाशी १५९८ साली या बेटावर उतरले आणि त्यांनी आपल्या राजपुत्र मॉरिट्सचे नाव बेटाला दिले. १७१० साली ते निघून गेले, पण नाव राहिले. त्याच डच लोकांचा ऑटोमॅटिक गिअरशीही जवळचा संबंध आहे. आइंडहोव्हन शहरात १९२८ साली हुब व्हान डोर्ने यांनी एक लहानसा कारखाना काढला. त्यातूनच पुढे ‘डाफ’ कंपनी उभी राहिली. १९५८ साली ॲम्स्टरडॅमच्या प्रदर्शनात तिने ‘डाफ ६००’ ही छोटी मोटार मांडली. तिला नेहमीचे गिअर नव्हतेच. रबराचे दोन पट्टे आणि लहानमोठ्या होणाऱ्या कप्प्या यांच्या योगाने वेग आपोआप जुळे. या रचनेला ‘व्हेरिओमॅटिक’ म्हणत. या छोट्या गाडीच्या पिक-अपही निघाल्या. पुढे व्हान डोर्ने यांच्याच प्रयत्नांतून पोलादी पट्टा निघाला. १९७२ साली त्यासाठी निराळी कंपनी स्थापन झाली, टिलबुर्ग येथे तो पट्टा बनू लागला आणि जगभरच्या कोट्यवधी गाड्यांत गेला. जपानहून आपल्याकडे येणाऱ्या वापरलेल्या गाड्यांपैकी ज्यांत ‘सीव्हीटी’ गिअर असतो, त्या बहुतेक याच कल्पनेवर चालतात.

परंतु त्या जुन्या डाफची एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. तिचे रबरी पट्टे वापराने सैल पडत. ते वेळच्या वेळी ताणून घ्यावे लागत आणि बदलायचे झाल्यास दोन्ही एकदम बदलावे लागत. गिअर आपोआप पडे, देखभाल मात्र आपोआप होत नसे. ‘ऑटोमॅटिक’ या शब्दाने माणूस फसतो तो येथेच.

आजच्या मोठ्या पिक-अपमध्ये सहसा पट्टा नसतो. तिच्यात टॉर्क कन्व्हर्टर, दातेरी चक्रांचे संच आणि क्लचच्या चकत्या असतात. या सर्वांचा प्राण म्हणजे तेल. इंजिनाची शक्ती पुढे पोहोचवायची, दाबाने क्लच आवळायचे, चक्रांना वंगण द्यायचे आणि उष्णता वाहून न्यायची, अशी चार कामे हे एकच तेल करते. जड ट्रेलर ओढला, लांब चढ चढला, किंवा गर्दीत गाडी सारखी थांबत-निघत राहिली की तेल तापते. तापून तापून त्याचा कस जातो, चकत्यांची झीज त्यात मिसळते, दाब नीट राहत नाही आणि गचके सुरू होतात. चुकीच्या जातीचे तेल घातले तर हाच परिणाम लवकर होतो. शिवाय पुष्कळ नव्या गाड्यांत तेल मोजायची काडीच नसते. ठराविक तापमानाला, गाडी सपाट जागी उभी करून, विशिष्ट भोकातून पातळी पाहावी लागते. म्हणजे हे काम अंदाजाने करण्याचे नाही.

काही उत्पादक सांगतात की, गिअरबॉक्सचे तेल ‘आयुष्यभरासाठी’ घातले आहे. आयुष्य कोणाचे, हा प्रश्न ग्राहकाने विचारावा. झेड एफ ही जर्मन कंपनी अनेक गाड्यांचे गिअरबॉक्स स्वतः बनवते. ती मात्र आपल्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल साधारण ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरच्या दरम्यान किंवा आठ वर्षांनी बदलण्याची शिफारस करते. ओझे ओढणाऱ्या गाडीसाठी देखभालीच्या पुस्तकात पुष्कळदा ‘कठीण वापर’ असा वेगळा तक्ता असतो. धंद्याची पिक-अप बहुधा त्यातच मोडते. तो तक्ता आपण वाचला नाही आणि तेल बदलले नाही, तर वॉरंटी नाकारण्याचे सबळ कारण आपणच दुसऱ्याच्या हाती देतो.

आता कायद्याकडे वळू. गाडीसोबत दोन निरनिराळ्या हमी असतात. एक उत्पादकाने स्वखुशीने दिलेली. तिच्या अटी छापील पुस्तिकेत असतात. दुसरी कायद्याने दिलेली. डच नागरी कायद्याच्या सातव्या पुस्तकातील कलम १७ म्हणते की, विकलेली वस्तू कराराला अनुरूप असली पाहिजे. वस्तूने किती काळ नीट चालावे अशी वाजवी अपेक्षा आहे, हे त्या वस्तूच्या स्वरूपावरून ठरते. २७ एप्रिल २०२२ पासून केलेल्या खरेदीत, पहिल्या वर्षात दिसलेला दोष मुळातच होता असे गृहीत धरले जाते आणि तसे नव्हते हे विक्रेत्याने सिद्ध करायचे असते. पूर्वी ही मुदत सहा महिन्यांची होती. पण हे गृहीतक घरगुती ग्राहकासाठी आहे. धंद्याच्या नावावर पिक-अप घेतली की हे संरक्षण मिळत नाही. आमच्या आप्ताच्या मुलाला ही गोष्ट फार उशिरा कळली.

बाहेरच्या गॅरेजचे काय? युरोपीय संघाच्या स्पर्धाविषयक नियमांत याचे उत्तर आहे. २०१० सालच्या ४६१ क्रमांकाच्या नियमावलीबरोबर युरोपीय आयोगाने मार्गदर्शक सूचना काढल्या. नियमित देखभाल अधिकृत गॅरेजातच करावी, अथवा कंपनीच्याच नावाचे सुटे भाग वापरावेत, अशी अट घालून उत्पादकाने हमी अडवणे त्यांना मान्य नाही. या नियमावलीची मुदत २०२३ साली वाढवून ३१ मे २०२८ पर्यंत केली आहे. मात्र याला दुसरी बाजू आहे. वॉरंटीतील फुकट दुरुस्ती अधिकृत गॅरेजातच करून घ्यावी, असे उत्पादक म्हणू शकतो. आणि बाहेरच्या मेकॅनिकच्या चुकीनेच बिघाड झाला, तर त्याचा भार उत्पादकावर पडत नाही. म्हणजे बाहेर सर्व्हिस केली एवढ्यावरून हमी जात नाही. वाईट सर्व्हिस केली तर जाऊ शकते.

तक्रारीच्या वाटाही तिथे मोकळ्या आहेत. डच घरगुती ग्राहकाने दोष दिसल्यापासून दोन महिन्यांत कळवले तर ते वेळेत धरले जाते. वाहनांच्या तंट्यांसाठी स्वतंत्र तंटा समिती आहे. ग्राहक-खरेदीचे दावे आणि २५,००० युरोपर्यंतचे इतर दावे खालच्या न्यायाधीशापुढे वकिलाविनाही मांडता येतात.

हा प्रश्न एका देशापुरता नाही. अमेरिकेने १९७५ सालच्या कायद्याने हमीच्या नावाखाली ग्राहकाला एकाच कंपनीच्या मालाशी बांधून ठेवण्यास मनाई केली. भारतात स्पर्धा आयोगाने २०१४ साली सुटे भाग आणि दुरुस्ती यांच्या बाबतीत १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्यावर पुढे अपिले झाली. तरी बाहेरच्या गॅरेजात पाऊल टाकताच हमी बुडाली, असे म्हणणे न्याय्य आहे काय, हा प्रश्न त्या प्रकरणात उघडपणे विचारला गेला, हे महत्त्वाचे.

आणि आपल्या मॉरिशसमध्ये? युरोपचे नियम येथे लागू नाहीत, हे आधी स्पष्ट सांगितले पाहिजे. नेदरलँडमधील नातलगाने फोनवर दिलेला सल्ला येथे जसाच्या तसा चालणार नाही. फ्रेंच परंपरेतून आलेल्या आपल्या नागरी कायद्यात छुप्या दोषाबद्दल विक्रेत्याची जबाबदारी सांगितली आहे. पण सर्व्हिस कोठे करायची हे मुख्यतः आपण सही केलेल्या हमीपत्रावर ठरते. म्हणून सही करण्यापूर्वी ते पत्र घरातल्या शिकलेल्या मुलाकडून किंवा मुलीकडून वाचून घ्यावे. बाहेर सर्व्हिस केली तर चालेल काय, हे विक्रेत्याला विचारावे आणि उत्तर लेखी मागावे. तोंडी आश्वासन शोरूमच्या दारापर्यंतच टिकते.

तेल बदलताना बिलावर तारीख, किलोमीटर, गाडीचा क्रमांक, तेलाचे नाव व प्रत, लिटर आणि बदललेले भाग लिहून घ्यावेत. पैसे दिल्याची पावती त्याच बिलाला टाचावी. शामारेलचा चढ ओझ्यासह रोज चढणाऱ्याने ‘कठीण वापरा’चा तक्ता पाळावा. गचका जाणवला तर ‘होईल ठीक’ म्हणून महिनाभर गाडी दामटू नये. त्याच आठवड्यात लेखी कळवावे. मेकॅनिक शेजारचा असो की भाऊबंद, बिल मागण्यात संकोच नको. बिल मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे नव्हे. उद्या त्या मेकॅनिकचेही रक्षण तेच बिल करील.

आपल्या पूर्वजांनी या बेटावर पाऊल ठेवले तेव्हा करारपत्रावर अंगठा उमटवणारे त्यांत पुष्कळ होते. कागदात काय लिहिले आहे हे त्यांना दुसऱ्याने सांगावे लागे आणि सांगणारा खरे सांगेलच असे नव्हते. आज आपण वाचू शकतो, लिहू शकतो. तरीही हप्त्याने घेतलेल्या, काही लाख रुपयांच्या गाडीचे हमीपत्र न उघडता खणात ठेवून द्यावे, हे आपल्याला शोभत नाही. गिअर आपोआप पडतो. हमी मात्र आपोआप मिळत नाही. आज संध्याकाळी तो खण उघडा आणि त्या कागदावरून एकदा नजर फिरवा.