पगारपत्रकाबाहेरचा कोयता

लोणीला १९५० साली विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना सुरू झाला, तेव्हा त्याचे अध्यक्ष होते धनंजयराव गाडगीळ. मजुरी कशी ठरावी यावर लेखन केलेला अर्थशास्त्रज्ञ शेतकऱ्यांचा कारखाना चालवायला आला, ही अहिल्यानगर जिल्ह्याची मोठी कमाई. त्याच जिल्ह्यात वेतन आणि लाभांचा अभ्यास कारखान्याच्या फाटकाशी येऊन थांबावा, याची मला चीड येते. फाटकाच्या आतल्या कायम कामगाराला वेतनश्रेणी, भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस आहे. हे सगळं त्याने भांडून मिळवलं आणि तो त्याचा हक्कच आहे. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडून येऊन उसाच्या फडात उतरणारी तोडणी कामगारांची जोडी मात्र पगारपत्रकात नाही. तिच्यावर प्रबंध होतात, पण ते दुष्काळ आणि स्थलांतर या खात्यात जमा होतात. वेतनाच्या खात्यात नाही.

तिला वेतनाच्या खात्यात धरायचं म्हटलं की पहिला आक्षेप ठरलेला असतो: तोडणी कामगार कारखान्याचा नोकर नाही, टोळी मुकादमाची. मग आज कुठल्या गटात तोड द्यायची हे कोण ठरवतं? कारखान्याचा शेती विभाग. वजन कुणाच्या काट्यावर होतं? कारखान्याच्या. दरही मुकादम ठरवत नाही. जानेवारी २०२४ मध्ये साखर संघ आणि कामगार संघटनांच्या वाटाघाटीत ३४ टक्के वाढ ठरली आणि तोडणीचा दर टनाला ३६६ रुपये झाला; मुकादमाचं कमिशन २० टक्के झालं. काम, वजन आणि दर ही तिन्ही सूत्रं ज्याच्या हातात, तो मालक. कागदावर सही कुणाचीही असो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे, कारण त्याला संशोधनाचा आधार दिला जातो. टनावर दाम म्हणजे जितकं काम तितका मोबदला, याहून न्याय्य काय? एडवर्ड लॅझीअर यांनी अमेरिकेतल्या सेफलाइट या मोटारीच्या काचा बसवणाऱ्या कंपनीचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध केला. ताशी पगाराऐवजी नगावर पैसे दिल्यावर उत्पादकता सुमारे ४४ टक्क्यांनी वाढली, हा त्यातला आकडा सगळ्यांना पाठ असतो. त्याच कंपनीत ताशी किमान पगाराची हमी कायम होती, हे कुणी सांगत नाही. काम कमी भरलं तरी कामगार त्या रेषेखाली जात नव्हता. फडात ती रेषाच नाही. पाऊस पडला, ट्रॅक्टर आला नाही, कारखाना बंद पडला, तर दिवस बुडतो तो तोडणाऱ्याचा. वर खाड्याचा दंड.

हिशोब मांडून बघा. एक कोयता, म्हणजे नवरा-बायको, दिवसाला साधारण दोन टन ऊस तोडतात. पहाटेच्या अंधारात फड धरायचा, पाचट काढायचं, मोळ्या बांधायच्या, मग डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढायचं. भरणी रात्रीचीही असते. याचे ७३२ रुपये, माणशी ३६६. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर दिवसाला ३१२ होता. म्हणजे घरदार, पोरांची शाळा सोडून खोपीत राहायचं, आणि मिळकत रोजगार हमीपेक्षा चोपन्न रुपयांनी जास्त. वाढे विकून आलेले चार पैसे यात धरले नाहीत. ते मिळतील की नाही, ते गाव ठरवतं.

'उचल हाच लाभ, बिनव्याजी पैसा मिळतो,' असंही म्हणतात. हे मला सर्वात अमान्य आहे. उचल घेतलेला माणूस हंगामात दुसरा कारखाना बघू शकत नाही, आणि फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षावर जाते. एकच गिऱ्हाईक असलेल्या बाजारात मजुरी कशी दबते, हे जोन रॉबिन्सन यांनी १९३३ मध्येच मांडलं. आणि किमान वेतनापेक्षा कमी देऊन करून घेतलेलं काम ही वेठबिगारीच, असं सर्वोच्च न्यायालयाने आशियाई खेळांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात १९८२ साली सांगितलं.

राहिला परवडण्याचा प्रश्न. तोडणी-वाहतुकीचा खर्च शेतकऱ्याला मिळणाऱ्या उसाच्या रास्त व किफायतशीर दरातून (एफआरपी) वजा होतो, त्यामुळे मजुरी वाढली की बागायतदार धास्तावतो, ही अडचण खरी आहे. कार्ड आणि क्रूगर या अर्थशास्त्रज्ञांना अमेरिकेतल्या न्यू जर्सीत किमान वेतन वाढूनही रोजगार घटलेला दिसला नाही. पण तो निष्कर्ष जसाच्या तसा आपल्या फडाला लावणं मी टाळीन, कारण इथे हार्वेस्टर दारात उभा आहे. फक्त एवढं ध्यानात घ्यावं की मजुरी दाबून ठेवल्याने तो थांबलेला नाही.

मार्ग आहे, आणि तो चालून पाहिलेला आहे. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे १० रुपये घ्यायचे आणि तेवढेच सरकारने घालायचे, हे ठरलेलं आहे. त्याच रीतीने टनामागे निर्वाह निधी आणि विम्याचा हप्ता कापून तो कामगाराच्या खात्यात जावा. तोड नसलेल्या दिवसाची किमान मजुरी मिळावी. बाळंतपणाची रजा मिळावी. शेजारच्या बीडमध्ये २०१९ च्या पाहणीत ८२ हजारांवर ऊसतोड बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं; खाडा परवडत नाही, हे त्यामागचं एक कारण सांगितलं गेलं. आणि बाईचा पैसा बाईच्या खात्यात जावा. आज कोयता एक, हिशोब एक, म्हणून ती त्या हिशोबात दिसतच नाही. काट्याच्या नोंदीत दोघांची नावं यायला संगणकात एक रकाना वाढवावा लागेल, आणि ते काम येत्या गळीत हंगामाआधी होण्यासारखं आहे.