नगरच्या नव्या गाड्यांची चमक नेमकी जाते कुठं? बोअरचं पाणी, पिवळं फडकं आणि 'नाइन एच'चा हिशोब

22 सप्टेंबर 2025, घटस्थापनेचा दिवस. जीएसटीचे नवे दर त्याच दिवशी लागू झाले. चार मीटरच्या आतल्या, 1200 सीसीपर्यंतच्या पेट्रोल-सीएनजी आणि 1500 सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांवर आधी 28 टक्के कर आणि वर उपकर होता, तो एकदम 18 टक्क्यांवर आला. दहा दिवसांवर दसरा होता. देशभरातल्या शोरूमवर गर्दी उसळली आणि कित्येक घरांत पहिल्यांदाच चारचाकी आली. अहमदनगर, म्हणजे आताचा अहिल्यानगर जिल्हा, त्याला अपवाद असायचं कारण नव्हतं.

नवी गाडी घेतली की पहिले काही महिने कसं असतं, हे सगळ्यांना माहितीये. सकाळ-संध्याकाळ फडकं मारायचं. घरातली पोरं दार जोरात आपटतात म्हणून ओरडा खातात. मग एखाद्या दुपारी गाडी उन्हात उभी असते, काळा किंवा गडद निळा रंग असतो आणि बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल बारीक ओरखडे दिसायला लागतात. मालकाला वाटतं, कंपनीनं रंगच हलका मारला. कुणीतरी सांगतं, कोटिंग करून घे. तो वीस-पंचवीस हजार मोजून कोटिंग करून घेतो आणि परत तेच फडकं मारायला लागतो.

या ओरखड्यांना डिटेलिंगवाले 'स्वर्ल मार्क' म्हणतात. ते बहुतेक वेळा रस्त्यावर पडत नाहीत, गाडी धुताना आणि पुसताना पडतात.

रंगावर असतं तरी काय?

आजच्या गाडीचा पत्रा थेट रंगवलेला नसतो. खाली प्रायमर, त्यावर रंगाचा थर आणि सगळ्यात वर एक पारदर्शक थर असतो, त्याला क्लिअर कोट म्हणतात. आपल्याला दिसणारी चकाकी याच थराची. त्याची जाडी साधारण 35 ते 50 मायक्रॉन. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉनचा धरला, तर लाखो रुपयांच्या गाडीची सगळी शान केसाहूनही पातळ पापुद्र्यावर उभी असते. ऊन, पक्ष्यांची विष्ठा, झाडाचा चीक, सगळं तोच झेलतो.

या पापुद्र्यावर धूळ बसलेली असताना कोरडं फडकं फिरवलं, की ते पॉलिश पेपरचं काम करतं. बाजारात मिळणारं ते पिवळं सुती फडकं काय किंवा घरातल्या जुन्या बनियनचा तुकडा काय, त्यात अडकलेला वाळूचा कण सुटत नाही. हात गोल फिरतो आणि त्याच्यासोबत कणही गोल फिरतो. दसऱ्याला धुळकट बॉनेटवर ओल्या बोटानं स्वस्तिक काढलं, तर त्याची आकृती कुंकू धुऊन गेल्यावरही मागं राहू शकते. पूजा गाडी धुऊन झाल्यावर करावी, एवढाच त्याचा अर्थ.

नगरची धूळ, नगरची राख, नगरचं पाणी

अकोल्याच्या घाटघर-रतनवाडीचा पट्टा सोडला, तर जिल्ह्याचा बराचसा भाग पर्जन्यछायेत येतो. पावसाळ्याचे दिवस कमी, बाकी वर्षभर फुफाटा. त्यात नगर-मनमाड रस्त्यासारख्या वर्षानुवर्षं खड्ड्यांसाठी गाजलेल्या रस्त्यावरून शिर्डी-शिंगणापूरची वाहतूक. गाडी घरी येते तेव्हा तिच्यावर मुरमाचा बारीक भुगा बसलेला असतो.

दुसरी गोष्ट गाळप हंगामातली. देशातला पहिला यशस्वी सहकारी साखर कारखाना याच जिल्ह्यात, प्रवरानगरला 1950 मध्ये सुरू झाला. आज जिल्ह्यात कारखान्यांची संख्या भरपूर आहे. कारखान्याच्या जवळ राहणाऱ्यांना सकाळी गाडीच्या टपावर पडलेली काळी काजळी नवी नाही. ही बगॅसची, म्हणजे उसाच्या चिपाडाची राख. दिसायला मऊ, फुंकर मारली तर उडेल अशी. पण उसाच्या राखेत सिलिकाचं प्रमाण मोठं असतं आणि सिलिका म्हणजे वाळूचाच भाऊबंद. ही राख हातानं किंवा फडक्यानं झटकणं म्हणजे रंगावर वाळू घासणंच. तिला पाण्यानंच खाली उतरवावं लागतं.

आता पाणी. दख्खनच्या काळ्या पाषाणातून वर येणारं बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड असतं, म्हणजे त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतात. प्रवरा आणि मुळेच्या कालव्यांखाली पिढ्यानपिढ्या उसाला पाणी दिलं गेलं, तिथं तर जमिनीही क्षारपड झाल्या. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कडकपणाची योग्य मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतलं जातं. असं पाणी बॉनेटवर उन्हात वाळलं, की पाणी उडून जातं आणि क्षार राहतात. हेच ते पांढरे गोल डाग. चहाच्या भांड्यात किंवा गिझरच्या कॉइलवर जो थर बसतो, तोच इथंही बसतो. ताजा असेल तर पाणी घातलेल्या पांढऱ्या व्हिनेगरनं पुसून लगेच धुतला तर निघतो. महिनोन्‌महिने उन्हात भाजला, तर क्लिअर कोटमध्ये खड्डा करून बसतो आणि मग पॉलिशशिवाय इलाज राहत नाही.

म्हणून नगरमध्ये कुठला शाम्पू घ्यायचा याच्या आधीचा प्रश्न आहे, गाडी कधी आणि कुठं धुवायची. सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर, सावलीत, बॉनेट गार असताना. आणि पाणी आपोआप वाळायच्या आत पुसून घ्यायचं.

पैसे आधी कशावर घालायचे?

सगळ्यात आधी कापडावर. मायक्रोफायबरचं कापड पॉलिस्टर आणि पॉलिअमाइडच्या अतिबारीक धाग्यांचं असतं. धुळीचा कण त्याच्या केसाळ भागात आत ओढला जातो, त्यामुळं तो रंगावर घासला जाण्याची शक्यता कमी होते. पाकिटावर जीएसएम लिहिलेलं असतं, म्हणजे एका चौरस मीटरचं वजन. काचेला आणि आतल्या प्लास्टिकला 300 च्या आसपासचं पुरतं. रंगावरचं पाणी टिपायला 500 च्या पुढचं, जाड घ्यावं. काठाला शिवलेली कडक पट्टी आणि लेबल नसेल तर उत्तम, कारण ओरखडा ती पट्टीही पाडते. ही कापडं सुती कपड्यांसोबत मशिनमध्ये टाकायची नाहीत, सुतीचे तंतू त्यात अडकून बसतात. फॅब्रिक कंडिशनरही नको, त्यानं धागे बुजतात. आणि कापड एकदा जमिनीवर पडलं की ते टायरसाठी. हा नियम पाळायला जीवावर येतं, पण बरेचसे ओरखडे पडलेलं कापड झटकून परत वापरल्यानंच पडतात.

मग दोन बादल्या. एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत नुसतं. गाडीवर फिरवलेला हातमोजा (वॉश मिट म्हणून मिळतो, स्पंजपेक्षा बरा) आधी साध्या पाण्यात खळबळून मगच पुन्हा शाम्पूत बुडवायचा. एकच बादली ठेवली, तर बॉनेटवरची माती दारावर जाते, दारावरची डिकीवर. टपापासून सुरुवात करून खाली यायचं, चाकं सगळ्यात शेवटी आणि त्यांचा ब्रश वेगळा.

शाम्पूवर फार डोकं खपवायची गरज नाही. बाटलीवर 'पीएच न्यूट्रल' लिहिलेलं असावं आणि मिसळायचं प्रमाण दिलेलं असावं. कपडे धुण्याच्या पावडरीत सोडा असतो, भांड्याचं लिक्विड तेलकटपणा काढण्यासाठीच बनवलेलं असतं. एकदा वापरलं म्हणून रंग उडत नाही, पण त्यावरचा वॅक्स निघून जातो. दर आठवड्याला तेच वापरलं, तर काचेभोवतीचं रबरही निस्तेज होतं. रॉकेल किंवा डिझेलचा बोळा फिरवून येणारी चमक ही नुसती तेलाची असते. तासाभरात त्यावर रस्त्याची सगळी धूळ चिकटते.

घरगुती प्रेशर वॉशरचं म्हणाल, तर पाण्याच्या बाबतीत तो नळीपेक्षा काटकसरी आहे. बहुतेक यंत्रं मिनिटाला सहा-सात लिटर पाणी घेतात. फक्त धार पंख्यासारखी पसरणारी ठेवायची, अंतर एक-दीड फूट. टाचणीसारखी एकवटलेली धार गाडीसाठी नसतेच. जिथं दगड लागून रंगाचा टवका उडालाय, तिथं ती उरलेला रंगही सोलून काढेल.

वॉशिंग सेंटरला गाडी देताना फोमचा ढग बघून भुलू नये. फोम चांगलाच आहे, माती सैल करतो. बघायचं ते त्यानंतर काय होतं. आधीच्या जीपच्या मडगार्डवरून फिरलेला स्पंजच तुमच्या बॉनेटवर येतोय का? स्वतःची दोन कापडं सोबत नेऊन "यानंच पुसा" म्हणण्यात लाजण्यासारखं काही नाही.

पॉलिश म्हणजे वजाबाकी

दुकानात पॉलिश, वॅक्स, सीलंट, कोटिंग एकाच फळीवर असतात आणि सगळ्यांवर 'शाइन' लिहिलेलं असतं. पण पॉलिश आणि बाकीच्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पॉलिशमध्ये घासणारे कण असतात. ओरखडा बुजत नाही, त्याच्या आजूबाजूचा क्लिअर कोट तेवढा खाली आणला जातो. 'कटिंग' म्हणतात ते याहून जोरदार, त्यात काही मायक्रॉन जातात. 40 मायक्रॉनच्या भांडवलातून दरवर्षी असा खर्च केला, तर गाडी म्हातारी व्हायच्या आधी रंग उघडा पडतो. टपावर आणि बॉनेटवर पापुद्रे सुटलेल्या जुन्या गाड्यांत उन्हाचा वाटा मोठा असतो, पण फाजील पॉलिशही त्यात असू शकतं.

वॅक्स आणि सीलंट वर थर देतात. ब्राझीलच्या कार्नोबा ताडाच्या पानांवरून मिळणारा मेण हा त्यातला जुना आणि नावाजलेला, पण आपल्या उन्हाळ्यात तो काही आठवड्यांचाच सोबती. कृत्रिम सीलंट काही महिने टिकतात.

सिरॅमिक कोटिंग म्हणजे सिलिकावर आधारलेला, रंगाला घट्ट चिकटणारा थर. पाणी थेंब होऊन घसरतं, माती सहज सुटते, उन्हापासून थोडं संरक्षण मिळतं. हे खरे फायदे आहेत. गोंधळ होतो तो 'नाइन एच'च्या जाहिरातीत. हे 'एच' शिसपेन्सिलीच्या कडकपणाचं माप आहे. नाइन एचची पेन्सिल घासून ओरखडा पडत नाही, एवढाच त्याचा अर्थ. रस्त्यावरच्या वाळूतली गारगोटी पेन्सिलीच्या शिशापेक्षा कितीतरी कठीण असते. त्यामुळं दगड लागला तर कोटिंग वाचवणार नाही आणि पिवळ्या फडक्यापासूनही नाही. दगडांसाठी पीपीएफ, म्हणजे पॉलियुरेथेनची पारदर्शक फिल्म असते. तिचा खर्च बऱ्याच वरचा आहे. रोज महामार्गावर पळणाऱ्या गाडीला निदान पुढच्या भागापुरती ती परवडू शकते.

कोटिंग करण्याआधी जवळजवळ सगळीकडे पॉलिश केलं जातं, कारण खालचे ओरखडे तसेच बंद करून चालत नाहीत. म्हणून शोरूममध्येच नव्या गाडीला पॅकेज लावलं जात असेल, तर दोन प्रश्न विचारावेत: आधी कटिंग करणार का, आणि रंगाची जाडी मीटरनं मोजून दाखवणार का. पॉलिश कुठल्या यंत्रानं करतात तेही बघावं. ड्युअल अ‍ॅक्शन पॉलिशर गोल फिरता फिरता हलतोही, त्यामुळं एका जागी उष्णता साठत नाही. नुसता गोल फिरणारा रोटरी जाणत्या हातात ठीक. पण अँगल ग्राइंडरला बफ लावून काम चाललं असेल, तर गाडी परत घ्यावी. ग्राइंडर मिनिटाला दहा हजारांवर फेरे घेतो, पॉलिशरचं काम साधारण 600 ते 3000 फेऱ्यांत चालतं. (मॅट रंगाच्या गाडीला तर पॉलिश कधीच नको, तिथं चमक म्हणजेच डाग. नगरच्या रणगाडा संग्रहालयातल्या रणगाड्यांना हा ताप नाही.)

आणि हे सगळं कुणाच्या पाण्यावर?

मार्च 2024 मध्ये बेंगळुरूच्या पाणीपुरवठा मंडळानं पिण्याच्या पाण्यानं गाड्या धुण्यावर बंदी घातली, दंड 5000 रुपये. नगर जिल्ह्याला पाण्याचं भांडण नवं नाही. 2023 च्या दिवाळीच्या सुमाराला नगर-नाशिकच्या धरणांतून जायकवाडीला 8.6 टीएमसी सोडायच्या आदेशावरून मुळा-प्रवरा खोऱ्यात किती राग होता, ते लोकांना आठवत असेल. नगर शहर मुळा धरणाचं पाणी पितं, पाथर्डी-पारनेरसारख्या तालुक्यांना उन्हाळ्यातले टँकर परके नाहीत आणि याच जिल्ह्यातलं हिवरे बाजार दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडण्यासाठी देशभर ओळखलं जातं.

आपला ताळेबंद दारातच मांडता येतो. नळीखाली 15 लिटरची बादली ठेवून ती किती वेळात भरते ते बघा. मिनिटभरात भरली, तर वीस मिनिटांच्या धुण्यात 300 लिटर गेले. जलजीवन मिशनमध्ये खेड्यातल्या माणसाला दिवसाला 55 लिटरचा हिशोब धरलाय. म्हणजे पाच माणसांचा दिवस एका गाडीवरून वाहून गेला. दोन बादल्यांत काम 30-40 लिटरमध्ये होतं. नुसती धूळ असेल तर 'रिन्सलेस वॉश'चं टोपणभर द्रावण बादलीभर पाण्यात पुरतं, वरून पाणी ओतावंच लागत नाही. चिखल असेल तिथं मात्र हा प्रयोग नको, आधी धार मारून चिखल उतरवायलाच हवा.

बरेच जण चांगल्या हेतूनं आरओचं वाया जाणारं पाणी गाडीला वापरतात. त्यात क्षार मूळ पाण्यापेक्षा जास्त असतात. चाकं आणि मडगार्डच्या आतली माती काढायला ते चालेल, काच आणि बॉनेटवर शेवटचा हात त्यानं फिरवू नये. त्यासाठी पत्र्यावरून धरलेलं पावसाचं पाणी किंवा एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी, ज्यात क्षार जवळजवळ नसतात. उन्हाळ्यात एसी चालू असेल तर नळीखाली बादली ठेवायची, शेवटच्या पुसण्यापुरतं साठतं. ते 'डिस्टिल्ड'च आहे असं समजून बॅटरीत मात्र घालू नये, एसीच्या कॉइलवरची धूळ आणि धातूचे कण त्यात उतरलेले असतात.