जन्मानें येथले, कागदानें परके

चिचगड, जि. गोंदिया.

ता. १ सप्टेंबर २०२५ रोजीं परकीय माणसांविषयींचा नवा कायदा देशांत अंमलांत आला. पासपोर्टाचा १९२० चा, नोंदणीचा १९३९ चा, परकीयांचा १९४६ चा व वाहतूक कंपन्यांच्या जबाबदारीचा २००० चा, असे चार जुने कायदे त्यानें एकदम रद्द केले व सर्व कारभार एका ठिकाणीं आणला. चारांपैकीं पहिले तीन कायदे ज्या सरकारनें केले तें सरकार स्वतःच या देशांत परकें होतें, ही गोष्ट वाचकांच्या ध्यानांत असेलच. तेव्हां ते गेले याबद्दल अश्रु ढाळण्याचें कारण नाहीं. प्रश्न एवढाच, कीं कायद्याबरोबर त्यामागची दृष्टीहि नवी झाली कीं नाहीं. आणि हा प्रश्न दिल्ली-मुंबईच्या विमानतळांवरच सुटावयाचा आहे अशी कोणाची समजूत असेल, तर त्यानें एकवार आमच्या या मुलुखाकडे यावें.

चिचगड हें देवरी तालुक्यांतलें, छत्तीसगडच्या सीमेजवळचें, रानानें वेढलेलें गांव. येथें व्हिसा हा शब्द ऐकूं आलाच तर तो फार तर कोणाच्या भाच्याच्या परदेशांतील नोकरीसंबंधानें. परंतु शेजारच्या अर्जुनी मोरगांव तालुक्यांत, गोठणगांव-प्रतापगडच्या बाजूस, इटियाडोह धरणाच्या परिसरांत, नॉर्ग्येलिंग नांवाची तिबेटी वसाहत १९७२ सालापासून नांदत आहे. तेव्हां हा सारा प्रदेश भंडारा जिल्ह्यांत मोडत असे. गोंदिया जिल्हा १९९९ सालीं निराळा झाला. १९५९ सालीं दलाई लामा ल्हासा सोडून हिंदुस्थानांत आले व त्यांच्या मागोमाग हजारों लोक हिमालय ओलांडून आले. त्यांतल्या कांहीं कुटुंबांस सरकारनें या भागांत जमीन कसावयास दिली. बर्फांतल्या माणसांनीं झाडीपट्टींत धान पिकवावें, वैशाखांतलें विदर्भाचें ऊन सोसावें, आणि हिंवाळा लागला कीं लोंकरी स्वेटरांचे गठ्ठे घेऊन शहरोशहरीं विकावयास जावें, असा त्यांचा आयुष्यक्रम झाला. ज्यांच्या अंगावर असा स्वेटर आहे त्यांपैकीं किती जणांस ठाऊक असेल, कीं विकणारा कदाचित् आपल्याच जिल्ह्यांत जन्मलेला आहे, आणि तरीहि सरकारी वहींत त्याच्या नांवापुढें ‘परकीय’ असाच शेरा आहे?

या माणसाच्या खिशांत नोंदणीचा दाखला असतो. दाखला जिल्ह्याच्या पोलीस कचेरींतून मिळतो; मुदत संपली कीं तो पुन्हां करून घ्यावा लागतो. फार दिवस बाहेर राहावयाचें तर कळवावें, बिऱ्हाड बदललें तर कळवावें. परदेशीं जावयाचें तर पासपोर्ट नाहीं. त्याऐवजीं एक पिवळी पुस्तिका मिळते, तिजबरोबर देशाबाहेर जाण्याची परवानगी घ्यावी लागते, आणि, ही मौज पाहा, जेथें जन्म झाला तेथें परत येण्याचीहि परवानगी घ्यावी लागते. त्याला मत नाहीं, सरकारी नोकरी नाहीं, आणि ज्या भुईवर घर उभें आहे ती भुई आपली म्हणतां येत नाहीं.

न्यायाची गोष्ट म्हणून हेंहि सांगितलें पाहिजे, कीं हा दाखला नुसती बेडी नव्हे, तें कवचहि आहे. नव्या कायद्यानें योग्य कागदांवांचून देशांत शिरणाऱ्यास पांच वर्षेंपर्यंत कैद किंवा पांच लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेविली आहे. मुदतीपेक्षां अधिक राहणाऱ्यास तीन वर्षें व तीन लाखांपर्यंत. त्याच वेळीं निघालेल्या सवलतीच्या हुकुमानें, ठरलेल्या रीतीनें आलेल्या व नोंदणी झालेल्या तिबेटी लोकांस पासपोर्ट-व्हिसाच्या अटींतून मोकळें ठेविलें. सरकारची ही उदारता आम्ही मान्य करतों. हिंदुस्थाननें निर्वासितांविषयींच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर सही केलेली नसतांहि साठ-पांसष्ट वर्षें या लोकांस आसरा दिला, हें लहान कृत्य नव्हे. परंतु सवलत म्हणजे हक्क नव्हे. सवलत हुकुमानें येते व हुकुमानें जाते. आणि ज्याचें सारें आयुष्य एका हुकुमावर टांगलेलें आहे, तो विहीर खणतांना, आंब्याचें झाड लावतांना किंवा मुलीला उच्च शिक्षणास पाठवितांना मनांतून कचरतोच.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. यांतल्या पुष्कळांस सवलतीची गरजच नाहीं, असें आमचें म्हणणें आहे. १९५५ चा नागरिकत्वाचा कायदा सांगतो, कीं २६ जानेवारी १९५० पासून पुढें, परंतु १ जुलै १९८७ च्या आधीं, जो कोणी हिंदुस्थानांत जन्मला तो जन्मानेंच येथला नागरिक होय. परकीय राजदूतांच्या मुलांसारखे थोडे अपवाद सोडले, तर आईबाप कोण, कोठले, हा प्रश्नच त्या काळापुरता तेथें नाहीं. त्यानंतर जन्मलेल्यांस आईबापांपैकीं एक नागरिक असावा लागतो. आणि ३ डिसेंबर २००४ पासून दोघेहि नागरिक, अथवा एक नागरिक व दुसरा ‘बेकायदा स्थलांतरित’ नसलेला, अशी अट आली.

हा हिशेब एका घराला लावून पाहूं. समजा, आजोबा १९६० सालीं नेफाच्या वाटेनें आले. ते परकीय, याबद्दल वाद नाहीं. त्यांचा मुलगा १९७५ सालीं वसाहतींत जन्मला. कायद्याच्या अक्षरानें तो नागरिक. त्याचा मुलगा १९९७ चा. बाप नागरिक म्हणून तोहि नागरिक. आणि या दोघांनीं आजवर काय केलें? मुदत संपली कीं पोलीस कचेरींत जाऊन, आपण परकीय आहों, असें स्वतःच्या सहीनें लिहून दिलें! घरांत २०२१ सालीं मुलगी जन्मली. तिची आईहि येथेंच, नागरिक बापाच्या पोटीं जन्मलेली असेल तर गांठ सुटली. परंतु आई लहानपणीं घांट ओलांडून आलेली असेल, तर तिला कोणत्या सदरांत घालावयाचें या एका शब्दावर त्या चिमुरडीचें भवितव्य लोंबकळतें. मुलगी अंगणवाडींत मराठी बडबडगीतें म्हणत असेल. तिच्या घराला कोणता कायदा लागू आहे हें गांवांतल्या कोणाहि शहाण्याला ठामपणें सांगतां येणार नाहीं.

हा आमचा कल्पनाविलास नव्हे. दिल्लीच्या हायकोर्टानें डिसेंबर २०१० मध्यें नामग्याल डोलकर यांच्या खटल्यांत हाच अर्थ लाविला. फेब्रुवारी २०१४ मध्यें निवडणूक आयोगानें त्या काळांत जन्मलेल्या तिबेट्यांचीं नांवें मतदारयादींत घ्यावींत असें कळविलें, व त्याच वर्षीं हिमाचल प्रदेशांत कित्येकांनीं मत दिलें. सप्टेंबर २०१६ मध्यें दिल्लीच्या हायकोर्टानें अशांस पासपोर्ट द्यावा असा पुन्हां निकाल दिला. एवढें झाल्यावर कोणी म्हणेल, मग राहिलें काय? राहिलें तें हें: २०१७ सालीं पासपोर्ट देतांना अटी घालण्यांत आल्या, कीं अर्जदारानें नोंदणीचा दाखला व पिवळी पुस्तिका परत करावी, निर्वासित म्हणून मिळणाऱ्या सवलती सोडाव्या, आणि वसाहतींत राहूं नये.

पहिल्या दोन अटी समजण्यासारख्या आहेत. नागरिक व्हावयाचें तर परकीयाचा दाखला कशास? परंतु तिसरी? नागरिकत्वाच्या कायद्यांत अशी अट कोठेंहि नाहीं. ज्या माणसाची म्हातारी आई वसाहतींत आहे, ज्याचें शेत तेथें आहे, ज्याचा गोंपा तेथें आहे, त्याला सांगावयाचें, कीं तूं या देशाचा खरा. पण त्याची किंमत म्हणून या देशांतलें तुझें एकुलतें एक घर सोड! पुण्याचा माणूस नागरिक आहे म्हणून त्यानें सदाशिव पेठेंत राहूं नये, असें म्हणण्याइतकेंच हें तर्कशुद्ध आहे.

सरकारपक्षाचें म्हणणें आम्हांस ठाऊक नाहीं असें नाहीं. सीमेपलीकडे कोण बसला आहे हें १९६२ नंतर कोणास सांगावयास नको. कोण आला, कोठें राहतो, हें राज्याला कळलेंच पाहिजे. मान्य. परंतु जो पन्नास वर्षें एकाच गांवांत राहतो, ज्याचें नांव रेशनच्या यादींत, शाळेच्या पटावर व दवाखान्याच्या वहींत आहे, त्याच्याविषयीं राज्याला आणखी काय कळावयाचें उरलें आहे? दुसरा आक्षेप खुद्द तिबेटी समाजांतून येतो व तो अधिक हृदयस्पर्शी आहे. नागरिकत्व घेतलें तर तिबेटवरचा आपला दावा ढिला पडेल, असें पुष्कळ वडीलधाऱ्यांस वाटतें. तो निर्णय त्यांनीं घ्यावा. आम्ही उपदेश करणार नाहीं. मात्र नको म्हणण्यासाठीं आधीं समोर कांहीं ठेवलेलें असावें लागतें. आज तरुण पिढी तिसरीच वाट धरीत आहे: ती युरोप-अमेरिकेस जात आहे, आणि वसाहतींमागून वसाहती म्हाताऱ्यांच्या होत चालल्या आहेत.

याच अर्जुनी मोरगांव तालुक्यांत अरुणनगर, गौरनगर, संजयनगर या पूर्व पाकिस्तानांतून आलेल्या बंगाली निर्वासितांच्या वसाहती आहेत. त्यांस शेती मिळाली, मत मिळालें. आज तेथला माणूस पंचायतीच्या निवडणुकींत उभा राहतो व पडल्यावर इतरांसारखाच मतमोजणीला दोष देतो. म्हणजे परक्यास आपलासा करण्याची विद्या या तालुक्याला नवी नाहीं.

आणि कागदाचें ओझें काय असतें हें या रानांतल्या माणसास दुसऱ्यानें शिकवावयास नको. २००६ च्या वनहक्क कायद्यानें आदिवासी नसलेल्या वननिवासीयांकडे तीन पिढ्यांचा, म्हणजे पाऊणशें वर्षांचा, पुरावा मागितला. ज्या मुलुखांत जमीनदारी १९५१ पर्यंत होती व कुळांचीं नांवें जमीनदाराच्या कारभाऱ्याला लिहावींशीं वाटलीं तरच लिहिलीं जात, तेथें पाऊणशें वर्षांपूर्वींचा कागद मागणें म्हणजे मृगजळाचा घडा भरून आण म्हणण्यासारखें होतें. नव्या परकीय कायद्यानेंहि जुन्यांतलें एक तत्त्व तसेंच पुढें चालविलें आहे: आपण परकीय नाहीं हें सिद्ध करण्याची जबाबदारी ज्याच्यावर संशय त्याच्यावरच. चिचगडच्या गोंड शेतकऱ्यावर हा संशय कोणी घेणार नाहीं हें खरें; परंतु पुराव्यासाठीं कचेरीच्या दारांत बसलेल्या माणसाची स्थिति त्याला जितकी कळेल तितकी आम्हां लिहिणाऱ्यांस कळणार नाहीं.

आतां थोडें समुद्रापलीकडे. ५ फेब्रुवारी २०२५ रोजीं अमेरिकेचें लष्करी विमान १०४ हिंदी माणसांस घेऊन अमृतसरला उतरलें. हातांपायांत बेड्या घालून त्यांस आणलें होतें, हें वाचून देशभर संताप झाला. त्याच वर्षीं सप्टेंबरांत तेथल्या अध्यक्षांनीं कुशल नोकरांच्या नव्या व्हिसा-अर्जांवर एक लाख डॉलरांचा आकार बसविला, तेव्हां पुण्या-नागपुरांतील कित्येक मध्यमवर्गी घरांत त्या रात्रीं कोणी धड झोपलें नाहीं. तो संताप रास्त होता. ट्रान्सवालमध्यें हिंदी लोकांवर नोंदणीची सक्ति झाली तेव्हां १६ ऑगस्ट १९०८ रोजीं गांधींच्या नेतृत्वाखालीं जोहान्सबर्गला दाखल्यांची होळी झाली. १९१२ सालीं आमचे गोपाळराव गोखले तेथल्या हिंदी लोकांचें गाऱ्हाणें घेऊन स्वतः दक्षिण आफ्रिकेस गेले. प्रतापगडचा दाखला व ट्रान्सवालचा दाखला एकच, असें आम्ही म्हणत नाहीं. तेथें हेतु हांकलण्याचा होता, येथें हेतु आसऱ्याचा आहे. परंतु परक्या भूमींत जन्मलेल्या आमच्या मुलाला तेथील नागरिक माना, असा आग्रह धरणाऱ्यांनीं आपल्या तालुक्यांत जन्मलेल्या मुलाविषयीं काय म्हणावयाचें तें ठरवून ठेवावें.

आमची मागणी मोठी नाहीं. २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळांत येथें जन्मलेल्यांची, व त्यांच्या संततीची, यादी जिल्हाधिकाऱ्यांनीं वसाहतींतच बसून करावी. ज्यांस हवें त्यांस मतदारयादींत व पासपोर्टाच्या रांगेंत इतरांप्रमाणें जागा द्यावी, आणि वसाहत सोडण्याची अट लेखी हुकुमानें काढून टाकावी. ज्यांस नको, त्यांचे दाखले नवे करण्याचें काम तालुक्याच्या ठिकाणीं व्हावें. एका शिक्क्यासाठीं गोंदियापर्यंत दिवस मोडावयास लावूं नये. केंद्राच्या २०१४ च्या तिबेटी पुनर्वसन धोरणांत जमिनीचे पट्टे वीस वर्षांचे करून द्यावेत असें राज्यांस सुचविलेलें आहे. येथल्या पट्ट्यांची स्थिति काय, हें जिल्हाधिकाऱ्यांनीं एकदां जाहीर करावें. आणि हें सारें आश्विनाच्या आंत उरकावें. कार्तिक लागला म्हणजे कर्तीं माणसें स्वेटरांचे गठ्ठे घेऊन बाहेर पडतात, आणि मग यादी करणाऱ्या कारकुनास वसाहतींत म्हातारीं माणसें व कुत्रीं यांखेरीज कोणी भेटत नाहीं.