गोल न मारणाऱ्याचं बक्षीस : आर्मांदो कुलासो यांचं मोजमाप



'माझा आवडता खेळाडू' हा निबंध दिला की आमच्या वर्गात जवळपास सगळ्या वह्यांमध्ये क्रिकेटपटूच निघतात. मागे या निबंधाच्या तासाला मी क्रीडा पुरस्कारांची माहिती सांगत होतो. अर्जुन पुरस्कार खेळाडूला, द्रोणाचार्य पुरस्कार प्रशिक्षकाला. तेवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, कोच तर बाहेर उभा राहतो. गोल तो मारत नाही. मग त्याला कशाचं बक्षीस?"

वर्ग हसला. मीही हसलो, पण नीट उत्तर मला तेव्हा देता आलं नाही. आज ते देतो.

जानेवारी २०२५ मध्ये द्रोणाचार्य पुरस्काराच्या जीवनगौरव गटात एक नाव जाहीर झालं : गोव्याचे आर्मांदो कुलासो. २००० ते २०१३ अशी तेरा वर्षं ते धेंपो स्पोर्ट्स क्लबचे प्रशिक्षक होते (आपल्याकडची वर्तमानपत्रं 'डेम्पो' असंही छापतात). या काळात क्लबने देशाची लीग पाच वेळा जिंकली. २००४-०५ आणि २००६-०७ ची राष्ट्रीय फुटबॉल लीग, नंतर तिचंच नाव बदलून आय-लीग झालं तेव्हा २००७-०८, २००९-१० आणि २०११-१२. म्हणजे आठ हंगामांत पाच विजेतेपदं. २००८ मध्ये हा संघ आशियातल्या क्लबांच्या एएफसी कप स्पर्धेत उपांत्य फेरीपर्यंत गेला. भारतीय प्रशिक्षकाच्या हाताखाली हे सगळं झालं, हेही लक्षात ठेवा.

पण या आकड्यांत एक गोष्ट दिसत नाही. ५ डिसेंबर २००४, बेंगळुरू. फेडरेशन कपचा अंतिम सामना, समोर मोहन बागान. धेंपोचा ब्राझिलियन खेळाडू क्रिस्तियानो ज्युनिअर याने दोन गोल केले. दुसरा गोल मारताना तो गोलरक्षकाला धडकला, मैदानावर कोसळला आणि त्याचा मृत्यू झाला. धेंपोने कप जिंकला, तो असा. त्याच हंगामात, पुढच्या काही महिन्यांत, त्याच संघाने पहिल्यांदा देशाची लीग जिंकली.

मला विचाराल तर कुलासोंची खरी परीक्षा तीच होती. वर्गातलं एखादं मूल अचानक गेलं तर दुसऱ्या दिवशी हजेरी घेताना आवाज कसा फुटत नाही, हे ज्या शिक्षकाने अनुभवलंय त्याला मी काय म्हणतो ते कळेल. त्या मुलांना पुन्हा बूट घालून मैदानात उतरवणं हे डावपेचांच्या पुस्तकातलं काम नव्हे.

आता दुसरी बाजू. कुलासोंवर टीका करणारे म्हणतात की धेंपोच्या यशात परदेशी पायांचा वाटा मोठा होता. ते खोटं नाही. नायजेरियाचा रँटी मार्टिन्स आणि ब्राझीलचा बेटो ही जोडी कुठल्याही प्रशिक्षकाला हवीशी वाटली असती. २०११-१२ मध्ये एकट्या रँटीने लीगमध्ये ३२ गोल केले. तो गेल्यावर पुढच्या हंगामात धेंपोला विजेतेपद राखता आलं नाही. शिवाय कुलासो गोव्याबाहेर गेले तेव्हा तशी जादू दिसली नाही. २०११ मध्ये ते भारतीय संघाचे प्रशिक्षक झाले. दोहामध्ये कतारला २-१ असं हरवलं खरं, पण विश्वचषक पात्रता फेरीत संयुक्त अरब अमिरातीपुढे संघ बाद झाला आणि काही महिन्यांतच त्यांचं ते पद गेलं. नंतर कोलकात्याच्या ईस्ट बंगालला त्यांनी २०१३-१४ च्या आय-लीगमध्ये दुसऱ्या क्रमांकावर आणलं, तिथेही मुक्काम लांबला नाही.

टीकाकार इथे थांबतात आणि म्हणतात, बघा, माणूस एकाच ठिकाणी चालला. मला मात्र इथेच त्यांचं मोठेपण दिसतं. क्लिफर्ड मिरांडा, समीर नाईक, क्लायमॅक्स लॉरेन्स, महेश गवळी ही गोव्याची मुलं वर्षानुवर्षं त्यांच्या हाताखाली खेळली. कोणाला रागावलेलं चालतं, कोणाला बाजूला घेऊन सांगावं लागतं, हे पोराला ओळखल्याशिवाय कळत नाही, आणि ओळखायला वेळ लागतो. राष्ट्रीय संघात तो वेळ कुलासोंना मिळालाच नाही. त्या काही महिन्यांवरून त्यांची लायकी ठरवणं मला पटत नाही.

हे मी अंकुशनगरमध्ये बसून लिहितोय म्हणून असेल कदाचित. इथे साखर कारखाना आहे. गळीत हंगाम सुरू झाला की ऊसतोड मजुरांच्या कोप्या पडतात आणि त्यांची लेकरं शाळेत येऊन बसतात. चार-पाच महिने. एखादं मूल जोडाक्षरं वाचायला लागतं, बाईंशी-सरांशी बोलायला लागतं, की कारखान्याचा पट्टा पडतो आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसारासोबत तेही जातं. आम्ही हातात शिक्षण हमी कार्ड देतो, पुढच्या शाळेने दाखल करून घ्यावं म्हणून. आता या मुलांच्या प्रगतीवरून माझं मोजमाप करायचं तर चार महिन्यांचं करायचं की तेरा वर्षांचं? कुलासोंना धेंपोने तेरा वर्षं दिली. यात क्लबचंही श्रेय आहे, ते आपण विसरतो.

तो क्लबही पुढे अडचणीत आला. २०१५ मध्ये धेंपो आय-लीगमधून खाली घसरला, २०१६ मध्ये परत वर येण्याइतका खेळला, आणि त्याच वर्षी साळगावकर व स्पोर्टिंग क्लब द गोवा यांच्यासोबत राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडला. तेव्हा कोणी म्हणालं असतं, की झालं, कुलासोंनी उभं केलेलं सगळं संपलं, तर ते खरंच वाटलं असतं.

पण क्लिफर्ड मिरांडाने २०२३ मध्ये प्रशिक्षक म्हणून ओडिशा एफसीला सुपर कप जिंकून दिला. महेश गवळी भारतीय संघाचा सहायक प्रशिक्षक झाला. आणि धेंपो २०२४-२५ मध्ये आय-लीगमध्ये परतला, तेव्हा मैदानाबाहेर प्रशिक्षक म्हणून समीर नाईक उभा होता. पाच विजेतेपदांपेक्षा मला ही तीन नावं जड वाटतात. पुरस्कार मात्र धेंपो सोडल्यावर बारा वर्षांनी आला, तो लवकर यायला हवा होता.

तर मागच्या बाकावरच्या मित्रा, कोचला कशाचं बक्षीस, ते या तीन नावांवरून ठरव. पटलं नाही तर तसं लिही, गुण कापणार नाही.

मुलांसाठी काम : तुमच्या आवडत्या खेळाडूला लहानपणी कोणी शिकवलं, ते शोधा आणि त्या माणसाबद्दल दहा ओळी लिहा. नाव सापडलं नाही, तर कुठे कुठे शोधलं तेवढं लिहून आणा.